गिऱ्हाइकाची जबानी

१९६२ सालच्या दिवाळीत, पुण्याहून निघणाऱ्या ‘रंभा’ नावाच्या मासिकाच्या विशेषांकात चंद्रकांत काकोडकर यांची ‘श्यामा’ ही कथा प्रसिद्ध झाली आणि त्या अंकातील मजकूर व चित्रे अश्लील आहेत अशी फिर्याद एका गृहस्थांनी न्यायालयात गुदरली. मुद्रक-प्रकाशक, लेखक आणि अंक विकणारे एजंट असे सगळे आरोपी झाले. पुण्याच्या मॅजिस्ट्रेटांनी सर्वांना निर्दोष सोडले. उच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवून प्रकाशकाला व लेखकाला प्रत्येकी पंचवीस रुपये दंड ठोठावला आणि त्यांच्या कबजातील अंक नष्ट करण्याचा हुकूम दिला. काकोडकरांनी दिल्लीपर्यंत दाद मागितली, आणि १९६९च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने, समाजाच्या कल्पना झपाट्याने पालटत आहेत हे ध्यानात घेऊन, त्यांना दोषमुक्त केले. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांच्याच ‘नीलांबरी’ या कादंबरीवर बेतलेला ‘दो रास्ते’ पडद्यावर आला आणि ज्या लेखकाचे नाव कालपरवापर्यंत आरोपींच्या यादीत होते त्याची कथा पाहावयास लोक सहकुटुंब रांगा लावू लागले. पंचवीस रुपयांच्या दंडापायी सात वर्षे चाललेल्या या मामल्यात फिर्यादी होता, आरोपी होते, वकील होते, एकावर एक अशी तीन न्यायासने होती. फक्त ज्याच्या मनाचे काय होईल या चिंतेने हा सारा खटाटोप चालला होता ते गाठीचे पैसे मोजून अंक घरी नेणारे गिऱ्हाईक मात्र कोणी साक्षीला बोलाविले नाही.

ही अनुपस्थिती काही त्या एका खटल्यापुरती नव्हती. १८६८ साली इंग्लंडात, हिक्लिन खटल्यात, न्यायमूर्ती कॉकबर्न यांनी अशी कसोटी घालून दिली की, ज्यांची मने अनीतीला सहज वश होतात आणि ज्यांच्या हाती असा मजकूर पडण्याचा संभव आहे, त्यांना बिघडविण्याची प्रवृत्ती त्या मजकुरात आहे काय, एवढेच पाहावे. ही कसोटी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली, मुंबईच्या एका पुस्तकविक्रेत्याकडे सापडलेल्या लॉरेन्सच्या कादंबरीच्या निमित्ताने, थोडी मुरड घालून स्वीकारली आणि २०१४ साली सोडून दिली. म्हणजे जवळजवळ दीडशे वर्षे एक कल्पित इसम न्यायालयांच्या दप्तरांत वावरत होता, दुबळ्या मनाचा, हाती पडेल ते वाचणारा, वाचेल त्याने बिघडणारा. आणि त्याच्या वतीने बाकीचे सगळे बोलत होते. तो इसम मी आहे. लष्करी हिशेब खात्यात उमेदवारीपासून पेन्शनीपर्यंत कारकुनी केलेला, सदाशिव पेठेत भाड्याच्या दोन खोल्यांत संसार थाटलेला, गणपतीच्या वर्गणीची पावती बिनतक्रार फाडून घेणारा, आणि सोवळ्या भाषेत ज्याला शृंगारप्रधान व लोकांच्या भाषेत चावट म्हणतात त्या मालाचा, जमेल तेव्हा आणि परवडेल तसा, जुना खरेदीदार. आंबटशौकीन हे विशेषण मला लागू पडते, आणि ते नाकारण्याचे वय आता उरलेले नाही.

या दीर्घ मौनाला आपल्या भाषेत एक ठळक अपवाद घडला, त्याचा उल्लेख आधी केला पाहिजे. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधून मॅट्रिकला पहिले आलेले रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत, पदरमोड करून, मुंबईहून ‘समाजस्वास्थ्य’ चालविले. कर्वे करमणूक विकत नव्हते. मुखपृष्ठावर पुष्कळदा विवस्त्र स्त्रीचे चित्र असे, पण त्याच्या आशेने अंक उचलणाऱ्याच्या पदरी संततिनियमनाची साधने आणि बुद्धिप्रामाण्य यांवरचे रोखठोक लेख पडत. परंतु त्या मासिकात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे दिली जात आणि माझ्यासारखी सामान्य माणसे, कोणी घरात विचारू देत नाही ते, तेथे पत्राने विचारीत. १९३४ साली कर्व्यांवर जो खटला झाला तो नेमका या उत्तरांवरून. त्यांची वकिली डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी केली, तरीही दोनशे रुपयांचा दंड चुकला नाही. गिऱ्हाईक आपल्या तोंडाने बोलले ते असे एकदाच, आणि त्याचे बोलणे छापणाऱ्याच्या माथी दंड बसला. त्यानंतर त्याने गप्प राहणे पत्करले असेल तर त्याला दोष कसा द्यावा?

तर जबानी. या व्यापाराने माझे मन बिघडविले किंवा कसे, हे मला सांगता येणार नाही. ते आमच्या सौभाग्यवतींना विचारावे. पण त्याने मला फसविले मात्र वारंवार, आणि पुन्हापुन्हा फसूनही ज्याची दाद कोठेच मागता येत नाही असा दुसरा व्यापार निदान मला तरी ठाऊक नाही. ज्या पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली, जेथे भेसळीच्या तुपाविरुद्ध आणि मापात मारणाऱ्या दुकानदाराविरुद्ध माणसे हिरिरीने उभी राहिली, त्याच पुण्यात, मुखपृष्ठावर दाखविले ते आत नव्हते, अशी तक्रार घेऊन पंचायतीच्या पायऱ्या चढलेला ग्राहक कोणी पाहिला नसेल. विक्रेत्याला हे पक्के ठाऊक होते, आणि साऱ्या धंद्याची इमारत या एका ज्ञानावर उभी होती.

आमच्या तरुणपणी हा माल कागदावर मिळे. त्यातही पायऱ्या होत्या. सर्वांत वरची, घरात राजरोस येणारी पायरी दिवाळी अंकांची. १९५१ पासून मधुकर पाटकरांनी चालविलेल्या ‘आवाज’मधली खिडकीचित्रे कोणाला आठवत नाहीत? पानाला पाडलेल्या चौकोनातून जे दिसे त्याने मन भलत्या दिशेला धाव घेई, आणि पान उलटले की खाली एखादा निरुपद्रवी, साळसूद प्रसंग निघे. सासरे, जावई, शेजारी सगळे मिळून हसत, कारण चावटपणा चित्रात नसून पाहणाऱ्याच्या डोक्यात होता हे खुद्द चित्रानेच सिद्ध करून दिलेले असे. या धंद्यात मी पाहिलेला सर्वांत प्रामाणिक व्यवहार तोच, कारण फसवणूक हीच तेथे उघड विक्रीला मांडलेली होती. त्याच्या खालची पायरी काकोडकरी कादंबऱ्यांची. आमच्या आळीतल्या वाचनालयात त्या घरोघरच्या गृहिणींनी आधीच नंबर लावून ठेवलेल्या असत आणि आम्हा पुरुषांना त्या दुपारच्या वामकुक्षीनंतर, मधल्या पानांचे कोपरे दुमडलेल्या अवस्थेत मिळत. कायद्याच्या त्या कल्पित दुबळ्या इसमाने लुगडे नेसलेले असावे, असे कोणाही न्यायमूर्तीला सुचले नसावे.

आणि अगदी तळाशी ‘हैदोस’सारखी नियतकालिके आणि पिवळी पुस्तके. ती मांडलेली नसत. रद्दीच्या दुकानात, जुन्या क्रमिक पुस्तकांच्या आणि वजनावर घेतलेल्या वर्तमानपत्रांच्या ढिगाआड, दुकानदाराच्या मांडीखालच्या फळीवर त्यांचे वास्तव्य असे. मागावयाची म्हणजे काही न मागता बराच वेळ उभे राहावयाचे, मग दुकानदार आपणहून दोनतीन पुस्तके कालच्या ‘केसरी’त गुंडाळी, अग्रलेखाची बाजू वर येईल अशा बेताने, आणि किमतीचा आकडा बोटांनी सांगे. घासाघीस करण्याची शामत नसे. कागद भिकार, छपाई पुसट, शुद्धलेखनाचा खून पाडलेला. आत एकच कथा नावे बदलून तीनदा. परंतु त्या किमतीत एक वस्तू न सांगता अंतर्भूत असे आणि ती म्हणजे दुकानदाराचे मौन. दुसऱ्या दिवशी मंडईत तोच माणूस भाजी घेताना समोरासमोर आला तर त्याच्या नजरेत ओळखीचा लवलेश नसे. पिढ्यान्‌पिढ्या पेठेत राहून, कोणाच्या घरी काय शिजते हे ज्याला त्याला ठाऊक असलेल्या त्या शहरात, असले बिनबोभाट मौन ही मौल्यवान चीज होती, आणि आम्ही पैसे खरे तर तिचेच मोजत होतो.

चित्रपटगृहांचा कारभार निराळा. तेथे ‘फक्त प्रौढांसाठी’ ही पाटी हीच जाहिरात. सरकारने प्रतिबंध म्हणून बसविलेली मोहर वितरकांनी मोठ्या अक्षरांत, लाल शाईत छापून घ्यावी आणि आम्ही तिच्यावर विसंबून सकाळच्या खेळाला, कचेरीत उशिरा येण्याची सबब आदल्या दिवशीच मांडून ठेवून, जाऊन बसावे, असा शिरस्ता होता. ‘हर नाइट्स’ या नावाने येथे लागलेला आय. व्ही. शशी यांचा १९७८चा मल्याळी चित्रपट मला आठवतो: भावाच्या पोटापाण्यासाठी देहविक्रय करणाऱ्या मुलीची ती करुण आणि बरीच सभ्य कथा; पण थिएटरातला समुदाय ज्या दृश्यासाठी आला होता त्याची वाट पाहण्यात इतका गढलेला की, जेथे डोळे ओलावावेत तेथे शिट्या पडत होत्या. मूळ चित्रपटात नसलेली रिळे मधेच जोडण्याचा उद्योगही काही चालक करीत. त्या रिळांत कोण बाई होती, ती कुठली, तिला काय मिळाले, याची चौकशी पडद्यासमोर बसलेल्या कोणी केल्याचे माझ्या ऐकिवात नाही. दादा कोंडक्यांची गोष्ट त्याहून वेगळी. १९७१च्या ‘सोंगाड्या’पासून त्यांनी द्व्यर्थाचा जो बाजार मांडला तो शब्दांचा होता, कात्रीला तेथे पकड सापडत नसे, आणि हसणाऱ्यांत बायकापोरे असल्याने कोणा एकाला तोंड लपवावे लागत नसे.

पण चित्रपटांच्या या आठवणींत मला अधिक काळ थांबावेसे वाटते ते १९७०च्या ‘चेतना’पाशी. त्याची भित्तिपत्रके पुण्याच्या भिंतींवर लागली तेव्हा जो गहजब उडाला तो आज सांगितला तर खरा वाटणार नाही. त्यात काम करणाऱ्या रेहाना सुलतान या पुण्यातच, लॉ कॉलेज रस्त्यावर प्रभात कंपनीच्या जुन्या आवारात १९६० साली निघालेल्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या. ‘चेतना’च्याच साली आलेल्या राजिंदरसिंग बेदी यांच्या ‘दस्तक’मधील भूमिकेसाठी त्यांना अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि ज्यांनी ते दोन्ही चित्रपट शांतपणे पाहिले आहेत त्यांना हा पुरस्कार का मिळाला हे सांगावे लागत नाही. परंतु आम्हा गिऱ्हाइकांच्या लेखी त्या अभिनेत्री नव्हत्या, एक भित्तिपत्रक होत्या. निर्मात्यांनी आमची नाडी ओळखून त्यांना पुढे तशाच भूमिका विचारल्या आणि एका शिकलेल्या नटीच्या कारकिर्दीला वेळेआधीच ओहोटी लागली. सेन्सॉरने चित्रपटाचे किती फूट कापले याची नोंद प्रमाणपत्रात होते, त्या नटीच्या आयुष्याची किती वर्षे कापली गेली त्याची कोठेही होत नाही. मागणी आमची होती एवढे मी या जबानीत नमूद करून ठेवतो.

मध्यंतरीच्या व्हिडिओच्या जमान्याविषयी फारसे सांगण्याजोगे नाही. ऐंशीच्या दशकात दूरचित्रवाणी संच आणि व्हीसीआर रात्रीच्या भाड्याने मिळू लागले, कोणा ब्रह्मचाऱ्याच्या खोलीत वर्गणी काढून कॅसेट लावली जाई, वीज गेली की कॅसेट आत अडकून पडे आणि सकाळी यंत्र परत करताना ती कोणी काढावयाची यावरून दोस्तांत वितुष्ट येई. मग तबकड्या आल्या. बुधवार पेठेतल्या विजेच्या सामानाच्या गल्लीत टॉर्चच्या सेलांशेजारी त्या मिळू लागल्या. विक्रेते पोरसवदा, घाईत असलेले. मौनाची जुनी विद्या त्यांना अवगत नव्हती.

या साऱ्याला समांतर, आणि माझ्या मते या साऱ्याहून सर्वस्वी निराळ्या जातीचा, एक व्यवहार गणेश पेठेतल्या आर्यभूषण थिएटरात चाललेला होता. संगीतबारीचा उल्लेख या प्रकरणात करणे काहींना रुचणार नाही. लावणी ही कला आहे, तिला या चिखलात का ओढता, असे ते म्हणतील. कला आहेच. पेशवाईच्या उत्तरकाळात होनाजी आणि राम जोशी यांनी जे रचले ते भाषेचे वैभव आहे यात शंका नाही; परंतु दुसऱ्या बाजीरावाचे दरबारी ते केवळ छंदःशास्त्र म्हणून ऐकत नव्हते, आणि तिकीट काढून आर्यभूषणात शिरणारा माझ्यासारखा कारकूनही नव्हता. स्वातंत्र्यानंतर खेर सरकारने तमाशावर बंदी घातली ती याच कारणास्तव, आणि मग तो शुद्ध कसा करावा हे ठरविण्यासाठी जी समिती नेमली तिचे अध्यक्षपद महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार यांच्याकडे आले. कागदपत्रे चाळण्यात आयुष्य गेलेल्या त्या व्युत्पन्न पुणेकराने सवालजबाबांतली वाक्ये तपासावयाची, हा प्रसंग स्वतःच एखाद्या वगाला साजला असता.

आर्यभूषणात एकेका पार्टीची बारी लागे. पार्टी बाईच्या नावाची, मालकीण बाई, ढोलकीवाला आणि पेटीवाला तिचे पगारी. पुढच्या रांगेतून फर्माईश झाली की नोट देणाऱ्याने ती हातात धरावयाची आणि नाचणारीने येऊन घ्यावयाची. दौलतजादा म्हणतात तो हा. एका रात्री जिल्ह्यातल्या कोणा तालेवार गृहस्थाने, पिऊन आला होता, नोट हातात न देता रंगमंचावर फेकली. जी बाई नाचत होती ती पन्नाशीला टेकलेली असावी. ती थांबली; तिने हात वर करताच ढोलकी थांबली; आणि ती फडावर मांडी घालून, पदर सारखा करून, त्या गृहस्थाकडे पाहत बसली. काही बोलली नाही. थिएटरातले सगळे डोळे तिच्यावरून निघून त्या माणसावर स्थिरावले आणि अखेर त्याला उठून, खाली वाकून, आपली नोट उचलावी लागली व दोन्ही हातांनी पुढे करावी लागली. मग तिने ती घेतली, कपाळाला लावली आणि पुढच्या कडव्याला सुरुवात केली. या कलावंतिणींच्या डोक्यावरची कर्जे, उचली, घरी शिकणाऱ्या पोरांच्या फिया, यांतले काही मला ठाऊक नाही असे नव्हे, आणि त्या आयुष्याला मी सोन्याचा मुलामा देऊ इच्छीत नाही. पण आयुष्यभर मी ज्या ज्या ठिकाणी पैसे मोजून बाईकडे पाहिले त्यांपैकी एवढ्याच ठिकाणी ती बाई उलट माझ्याकडे पाहू शकत होती, माझे पैसे नाकारू शकत होती, आणि मी कसा वागलो ते उद्या दुसऱ्या पार्टीच्या मालकिणीला सांगू शकत होती.

आता हे सर्व खिशात आले आहे. २०१६च्या सप्टेंबरात जिओची सेवा सुरू होऊन इंटरनेट कवडीमोल झाले, आणि रद्दीवाल्याच्या दुकानातले ते ताटकळणे, सकाळच्या खेळाची ती सबब, सगळे बघता बघता नाहीसे झाले. माझ्या वयाच्या लोकांनी येथे गतकाळाचे गोडवे गावेत अशी अपेक्षा असते. मी ते गाणार नाही. जुना माल वाईट होता, महाग होता आणि त्यातली भाषा तर बाईला माणूस समजतच नव्हती. शिवाय रद्दीवाल्याच्या त्या फळीपर्यंत कोणा स्त्रीला पोचणे शक्यच नव्हते. आज ती आपल्या खोलीत, आपल्या दाराला कडी लावून, जे पाहावयाचे ते पाहू शकते आणि तिच्याकडे रोखून पाहणारा दुकानदार मध्ये नाही, ही माझ्या मते या धंद्यात झालेली एक निःसंशय सुधारणा होय. मुखपृष्ठ एक आणि आत दुसरे, ही फसवणूकही संपली. मागण्याआधीच सगळे मिळते, मागितले त्याहून कितीतरी अधिक मिळते, आणि काही आठवड्यांत आपल्याला नेमके काय हवे होते हेच आठवेनासे होते. मध्यंतरी महिन्याच्या वर्गणीची, दीर-वहिनीच्या कथा भागाभागांनी सोडणारी ॲप्स निघाली आणि त्यांनी ऐन जागी ‘पुढील भागात’ ही अक्षरे आणून ठेवण्याची जुनी युक्ती पुन्हा शोधून काढली, तेव्हा मला तर एखादा शाळासोबती भेटल्यासारखे झाले. त्यांतल्या ज्या एकाची मी वर्षाची वर्गणी भरली होती ते एके दिवशी बंद झाले. पैसे परत मागण्याचा प्रश्न उद्भवत नाही, याचे कारण वर आलेच आहे.

सरकारची फर्माने मधूनमधून सुटतात. २०१५ साली ८५७ संकेतस्थळे बंद करण्याचा हुकूम निघाला आणि थोड्याच दिवसांत ढिला पडला. २०१८ साली उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ८२७ बंद झाली. २०२५च्या जुलैत ‘उल्लू’ आणि ‘ऑल्ट’ यांसह २५ ॲप्स व संकेतस्थळांवर गदा आली. मला विशेष वाटले ते २०२२च्या सप्टेंबरातल्या हुकुमाचे. दूरसंचार खात्याने त्या वेळी ६७ संकेतस्थळे बंद करावयास सांगितली आणि त्यांपैकी ६३ पुण्याच्या एका न्यायालयाच्या आदेशावरून. ज्या शहरातल्या मॅजिस्ट्रेटांनी ‘श्यामा’च्या लेखकाला सोडून दिले होते तेथूनच, साठ वर्षांनंतर, असा हुकूम निघावा याचा अर्थ पुणे अधिक सोवळे झाले असा कोणी करील, मीही प्रथम तसाच केला. मग हुकुमाला आधार कशाचा घेतला ते वाचले.

त्या आधाराकडे वळण्यापूर्वी मौनाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. रद्दीवाला आमची लाज सांभाळून ठेवी. नव्या बाजारात तीच लाज भांडवल झाली आहे. अनोळखी क्रमांकावरून व्हिडिओचा फोन येतो, पलीकडे स्त्री दिसते, क्षणार्धात पाहणाऱ्याचा चेहरा टिपला जातो आणि मग खंडणी सुरू होते: पैसे पाठवा, नाहीतर तुमच्या ओळखीच्यांना पाठवितो. या सापळ्यात पुण्याचे तरुण सापडले तसे माझ्या वयाचे पेन्शनरही. पोलिसांत जाण्याचे धैर्य होत नाही, कारण गुन्हेगाराने हेरलेले असते ते गिऱ्हाइकाचे ते जुने मौन. पूर्वी ते विकत मिळे. आता त्याच्या धाकावर गिऱ्हाईकच लुटले जाते.

परंतु या लुटीहून मोठी गोष्ट निराळीच आहे. पूर्वीच्या मालात बाई कोण, हे आम्ही विचारीत नसू. आजच्या मालात पुष्कळदा त्या बाईलाच ठाऊक नसते की ती माल झाली आहे. २०२३ साली महाराष्ट्रात गाजत असलेल्या एका नर्तिकेचे, कपडे बदलतानाचे चोरून घेतलेले चित्रण फोनाफोनांतून फिरले आणि पुण्यात पोलिसांकडे गुन्हा नोंदला गेला. ती व्यासपीठावर काय नाचते यावर सहा महिने चर्चा झडविणाऱ्या वर्तमानपत्री नीतिमंतांपैकी किती जणांनी ती चित्रफीत पाहिली असेल, याचा अंदाज मी बांधीत नाही. मोडलेल्या संबंधांचा सूड म्हणून सोडलेल्या फिती, वसतिगृहांतले छुपे कॅमेरे, आणि आता कृत्रिम बुद्धिमत्तेने कोणाच्याही चेहऱ्याला जोडलेले परके शरीर, हे सर्व ज्या पडद्यावर येते त्याच पडद्यावर खुशीने, मोबदला घेऊन काम करणाऱ्या स्त्रीचेही चित्र येते, आणि पाहणाऱ्याला त्या दोहोंतला फरक कळण्याची सोय नाही. आर्यभूषणातली बाई मांडी घालून बसली तेव्हा तिला काय मंजूर नाही हे शेवटच्या रांगेलाही कळले होते.

पुण्याच्या आदेशावरून निघालेल्या त्या हुकुमात ज्याचा हवाला होता तो २०२१ सालच्या माहिती तंत्रज्ञान नियमांतला तिसरा नियम. त्याचा त्या वेळचा मथितार्थ असा की, कोणा व्यक्तीचे नग्न वा लैंगिक कृतीचे चित्रण, किंवा तिच्या चेहऱ्याची कृत्रिम बनावट, प्रसिद्ध झाली असेल तर तिने किंवा तिच्या वतीने कोणीही तक्रार केल्यापासून चोवीस तासांत ती पाहण्याजोगी राहू नये, अशी तजवीज संबंधित कंपनीने करावयाची. या नियमात पाहणाऱ्याच्या मनाचा उल्लेख नाही. ते दुबळे आहे की कणखर, बिघडेल की सुधारेल, याची चौकशी नाही. १८६८ पासून माझ्या चारित्र्याची काळजी वाहणाऱ्या कायद्याने येथे माझ्याकडे पाठ फिरवून त्या बाईकडे तोंड केले, आणि खरे सांगावयाचे तर मला हायसे वाटले.

सकाळी पर्वतीच्या पायथ्याशी आम्हा निवृत्तांची जी बैठक जमते तिच्यात एक माजी न्यायाधीश आहेत. नियमाचा हा अर्थ त्यांनीच उलगडून सांगितला. मी त्यांना म्हटले की, मुदत मोजावयाची ती तक्रारीपासून. पण जिला पत्ताच नाही ती तक्रार कशी करील? तिच्या आधी ते चित्रण पाहतो कोण? सुप्रभाताच्या फुलांमागोमाग असल्या फिती ज्यांच्या फोनवर येतात ते आपणच. त्यावर बैठकीत थोडी चुळबुळ झाली. आलेले पाहिले यात आमचा काय गुन्हा, असे एकाने विचारले. सगळीच नाटकी असतात हो, असे दुसऱ्याने सांगून पाहिले. माजी न्यायाधीश म्हणाले, गुन्ह्याचे राहू द्या, पण घटना प्रथम ज्याने पाहिली त्याला साक्षीदार म्हणतात, आणि सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या संकेतस्थळावर स्त्रियांसंबंधीच्या अशा तक्रारी नाव न देता नोंदविता येतात. नाव द्यावे लागत नाही हे ऐकताच, इतका वेळ काठीने माती उकरीत बसलेल्या आमच्या एका स्नेह्यांनी चष्मा लावून तो पत्ता तेथल्या तेथे लिहून घेतला. माझ्यासमोर असली निनावी जबानी घटकाभरही टिकली नसती, असे माजी न्यायाधीश बोलून गेले. पण त्यांना निवृत्त होऊन आता पुष्कळ वर्षे झाली.